दुपारी दोन ते साडेतीन

रुवीच्या आवारात हॉल मिळतो आम्हाला
शुक्रवारी, दुपारी दोन ते साडेतीन.
आमच्या आधी तेलुगू, आमच्यानंतर फिलिपिनो,
खुर्च्या कोमटच असतात
आधीच्या माणसांनी.

मी दृढीकरणाचा वर्ग घेते.
एरवी पॉलिक्लिनिकात रक्त काढते,
नळीवर नाव घालते, तारीख घालते.
नाव नसलेलं रक्त कुणाचंच नसतं,
ओतून द्यावं लागतं.

चार मुलं, चौघंही मस्कतचीच.
देवनागरी त्यांना दिसते
दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी.
म्हणून प्रश्नोत्तरावली मी रोमन अक्षरांत उतरवून दिली.
त्यात ळ कुठेतरी पडला
आणि कुणालाही त्याची उणीव भासली नाही.

मला ही पाठ करून घेतली अण्णांनी,
जालन्यात, सायकलच्या दांडीवर बसवून.
एका पायडलला प्रश्न, दुसऱ्याला उत्तर,
चढ लागला की उत्तर लांबायचं.
अर्थ येईल मागून, ते म्हणायचे,
तू आधी भांडं घासून ठेव.
बरीच वर्षं मला वाटलं, फसवलं.
भांडं लख्ख होतं आणि रिकामं वाजत होतं.

तिर्झा बोर्डे, वय दहा, मधेच विचारते,
"पंतय पिलात म्हणजे त्यांचा अरबाब होता का?"
मुलं हसतात. मी हसत नाही.
तिच्या बापाच्या बताक्यावर असंच एक नाव आहे,
ज्याचं तोंड त्याने दोनदा पाहिलंय.
हो, मी म्हणते, तसंच काहीसं.
त्याच्या सहीशिवाय काही झालं नसतं.
म्हणून त्याचं नाव ठेवलंय,
नळीवर तारीख ठेवतात तसं.

तेवढ्यात प्लायवूडच्या भिंतीपलीकडे
इथिओपियाच्या बायका उभ्या राहतात.
त्यांची भाषा मला ओ का ठो कळत नाही.
पण एका ठिकाणी कान टवकारतो: पिलात.
तेलुगूतही तेच, तमिळमध्येही.
हात धुऊन मोकळा झालेला माणूस
प्रत्येक भिंतीतून आरपार येतो.
त्या नावावरून मी ओळखते
त्या कुठवर पोचल्या, आणि पुढे काय येणार.

आमच्या उपासनेत
विश्वासांगीकाराला सगळे उठतात.
मागच्या रांगेत शांतवन उमाप,
रुसैलच्या कॅम्पवरचा, परांची बांधणारा.
बायको रमजानात गेली. सुट्टी मिळाली नाही.
दफन त्याने फोनवर पाहिलं,
माती टाकताना सिग्नल गेला.
तेव्हापासून तो सगळं म्हणतो, मोठ्याने,
शरीराच्या पुनरुत्थानापाशी आला की
तोंड मिटतो.
कुणी वळून बघत नाही.
ओव्होळ सर तिथे जरा सावकाश घेतात,
आणि त्याची ओळ आम्ही म्हणून टाकतो,
कुणी आजारी पडलं की
त्याची ड्युटी वाटून घेतात तशी.

आता माझंही सांगते.
पापांच्या क्षमेशी माझं जमत नाही.
अण्णांचं घर धाकट्याने परस्पर विकलं,
सायकलसकट.
त्या शब्दांशी माझी जीभ टाळूला चिकटते,
ओठ नुसते हलतात, पाण्याबाहेरच्या माशासारखे.
आणि मागून येतो
उमापांचा घोगरा, धुळीने भरलेला आवाज,
तीच ओळ, पूर्ण.
त्यांना ठाऊक आहे की नाही, मी विचारलेलं नाही.

"टीचर, सगळे एकत्र म्हणतात,
मग 'मी' का म्हणतात? 'आम्ही' का नाही?"
पुन्हा तिर्झा.
मी पानं उलटते. हा प्रश्न छापलेला नाही.
अण्णांनीही कुठल्या चढावर घेतलेला आठवत नाही.

दारावर टकटक. साडेतीन.
बाहेर गिटारी, मुलं, भाताचे डबे घेऊन
पुढचे लोक उन्हात उभे.
वहीत जागा सोड, मी तिला सांगते,
उत्तरासाठी दोन ओळी.
तिने पाच सोडल्या.