पिवळी रेघ

कंट्रोल रूमच्या मधोमध पिवळी रेघ.
अलीकडे पाराग्वे, पलीकडे ब्राझील.
रात्रपाळीला वाल्देमीर खुर्चीवरून न उठता
चाकांवर घरंगळत येतो परदेशात,
माझ्या शिंगातला गार तेरेरे नळीनं ओढतो.
"कडू आहे, फेलिसियाना."
"आणि आमच्या विजेला देता तो दर?"
तो हसतो.
मग हसत नाही.

राजधानीत आज पुन्हा बैठक मोडली.
त्यांच्या तारेत सेकंदाला साठ ठोके, आमच्या पन्नास.
नदीचे कुणी मोजलेच नाहीत.

आत्या गेली त्या रात्री
तिचं जुनं अंगण धरणाच्या तळाशी,
आणि वर, नव्या वसाहतीत,
दिवे गेलेले.
शोधून एक मेणबत्ती सापडली.
पलीकडची.
किंमत त्यांच्या पैशात छापलेली.