पावती क्रमांक एकशे बारा

माझी कपाटं मूळची कपाटं नाहीत.
ते कूलर आहेत. लोकांनी दुरुस्तीला आणलेले,
मोटार जळालेले, पंखा वाकलेले,
आणि मग न नेलेले.
तिन्ही बाजूंच्या जाळ्या काढल्या, आत फळ्या ठोकल्या
की अमळनेरात याहून मजबूत कपाट मिळत नाही.
अठरा गेजचा पत्रा. वाळवीचे दात पडतात.

उन्हाळाभर मी दुसऱ्यांच्या खोल्या गार करतो.
वाचायचं ते रात्री, अंगणात, खाटेवर,
भुईतून अजून दुपार निघत असते तेव्हा.

यंदा वाचली ती:
एक, बर्फात हरवलेल्या पाच माणसांची.
चव्वेचाळीस डिग्रीला वाचली.
तिसऱ्याचं बोट गळून पडलं तेव्हा
मी माठाजवळ जाऊन उगाच हात धुतले.
एक जाडजूड, चार पिढ्यांची.
नावं लक्षात राहीनात म्हणून पुठ्ठ्याच्या आत
वंशावळ काढली, वायरिंगच्या नकाशासारखी,
जिथे तुटलं तिथे फुली.
एक खुनाची. तिची शेवटची सोळा पानं नाहीत.
शब्बीर पिंजारीच्या रद्दीतून किलोवर घेतलेली,
तक्रार कुणाकडे करणार?
माझा संशय डॉक्टरच्या मेव्हण्यावर आहे.
पंधरवडा झाला, अजून आहे.
आणि पक्ष्यांवरची एक, ती संपतच नाही,
दर पानाला वर बघावं लागतं.

जागा तर संक्रांतीलाच संपली होती.
मग गव्हाच्या कोठीवर, शिलाई मशीनच्या पायट्यावर.
इंदू भांडत नाही, मोजते.
परवा तिखटाच्या डब्यामागे तीन निघाली,
पाटावर आणखी सात,
तर एवढंच म्हणाली, "आते मी कथा बसू?"
प्रश्न बरोबर होता.
मी कवितांचा गठ्ठा सरकवला. ती बसली,
आणि बसल्या बसल्या त्यातलं एक उघडलं.
भाजीला जरा करपल्याचा वास होता त्या रात्री.
कुणी काही बोललं नाही.

मेमध्ये ढेकू रोडच्या नर्सबाई आल्या,
सुमित्रा बोरसे. हातात पावती,
क्रमांक एकशे बारा, अक्षर माझंच,
तारीख चार वर्षांपूर्वीची.
"वडलांना सोसवत नाही आता. कूलर द्या."
कूलर भरलेला होता.
वरच्या फळीवर प्रवास, मधे कादंबऱ्या,
खाली पाण्याच्या टाकीत शब्दकोश, खडखडीत कोरडे.
त्या दारात उभ्या आणि मी एकेक काढतोय,
जसं भाडं न थकवलेल्या भाडेकरूला उठवावं.
फरशी भरली. खाटेखाली भरलं.
मी तीन रात्री एका कुशीवर झोपलो.

नवी मोटार, नवं गवत, रंगाचा एक हात.
पोचता केला. तिसऱ्या दिवशी फोन.
मला वाटलं, गळतोय.
"गळत नाही हो," बाई म्हणाल्या,
"बाबा सारखे विचारतात, खोलीत पुस्तक कुणी उघडलंय?"

म्हातारा छापखान्यात खिळे जुळवायचा,
चाळीस वर्षं. आता डोळ्यांत उजेड-अंधाराइतकंच उरलेलं.
कूलर बंद करू देत नव्हता.
मी सगळं तपासलं. पंखा ठीक, पंप ठीक.
वास मला येईना. मला तो कधीच येत नाही.
पिशवीत पान्हा होता, टेस्टर होता,
आणि ते खुनाचं, का कोण जाणे, घेतलं होतं.
म्हटलं, "बाबा, याची शेवटची सोळा पानं नाहीत."
"सोळा?" त्यांनी पुस्तक हातात घेतलं,
पाठीवरून अंगठा फिरवला, शिवणीपाशी थांबले.
"अख्खा फर्मा गेलाय. मग खून बाइंडरनं केला.
हं. पहिल्यापासून वाच."

मी स्टूल ओढलं. कूलर जोरात होता,
पानं आपोआप उलटत होती, माझ्यापुढे धावत.
त्यांच्यावर पान्हा ठेवला
आणि वाचायला लागलो.