घमेल्यातला समुद्र

श्रीशैलने नर्सरीतून आणली ती वीट.
हलकी, तपकिरी, काथ्याची.
आईने तळहातावर तोलून विचारलं,
"कुठल्या भिंतीची रे ही?"

घमेल्यात ठेवली, पाणी ओतलं,
ती फुगत गेली, फुगतच गेली,
काठावरून फरशीवर उतरली.
"काय बाई हावरी," आई म्हणाली.

पहिलं पाणी फेकायचं, दुसरंही. मीठ असतं त्यात.
फेकायचं?
पाच दिवसांनी येतं नळाला, तेही पहाटे तीनला.
आईने बोट बुडवून चाखलं,
थुंकली, मग हसली:
विडी घरकुलात समुद्र आला बघ, घमेल्यातून.
त्या समुद्राने आम्ही जिना धुतला, मोरी धुतली,
उरलेला पद्मव्वा मागून घेऊन गेली.

मी बावीस वर्षं टॉवेलच्या मागावर.
एक तंतू चिमटीत धरून ओढला.
पीळ नाही. याचं काही विणता येणार नाही.
मुळांना तेच आवडत असेल.

"यात जेवण नसतं हं," श्रीशैल सांगून गेला,
"खत वेगळं द्या. हा नुसता धरून ठेवतो."

आईने तंबाखूच्या सुपात भुसा पाखडला,
रोपं मोजली जुन्या सवयीने:
पंचवीस. एक कट्टा.

आता मे. गच्चीवर पाय ठेववत नाही.
भुसा वरून कोरडाठाक,
बोट खुपसलं की आत ओल.
आई दिवसातून दहादा खुपसते,
बोट पुसत नाही.

चोवीस मिरच्या उभ्या आहेत.
पंचविसावीच्या जागी ती अजून पाणी घालते.
कारखान्यात छाट काढायचे, म्हणते,
इथं कोण काढतंय.