मुदत

रामबागेतल्या वाचनालयाचा लॅपटॉप
उघडला की आधी खोकतो,
मग पंखा, मग निळा उजेड,
मग कोपऱ्यात : एक जानेवारी दोन हजार नऊ.

आतला सेल मेलाय. रुपयाएवढा, गोल.
दोन हजार चौदात मेला.
वर्षभर मी रोज सकाळी तारीख दुरुस्त करायचे,
चष्मा लावून, झाडू मारायच्या आधी.
मग सोडून दिलं.

आता कमिटीनं फायबर घेतलाय.
खालच्या तेलाच्या दुकानावरून वायर वर आली,
चार शिंगांचा राउटर कपाटावर चढला,
आणि देवांश चौकसेनं पासवर्ड
सभासद-पावतीच्या पाठीवर लिहून दिला.

यादीत सगळी गल्ली दिसते.
पोरवाल. पोरवाल नया. भिया का नेट.
आणि सगळ्यांत वर, भरल्या पट्ट्यांचं, आमचं.
मी टाकते. एकेक अक्षर, एकेक काळा ठिपका.
जोडता आलं नाही.
पुन्हा, या वेळी मोठ्यानं वाचत.
जोडता आलं नाही.

'सही तो डाला, मैडम,' देवांश म्हणतो.
मग बरोबर असून दार उघडत नाही ते का?
'पासवर्ड की बात नईं है.
ये जिस ढंग से पूछता है ना,
वो ढंग नए वाले को समझता नईं.'

हे मला समजतं.
पुण्याच्या वन्संना फोनवर
'मी जेवून राहिलेय' म्हटलं
की त्या अशाच थांबतात एक क्षण,
मग विचारतात : काय?

'अपन पुराना वाला ताला भी चालू कर देते हैं.
दोनों. सेफ्टी थोड़ी कम होगी. चलेगा?'

मी काचेच्या कपाटाकडे बघते.
किल्ली माझ्या पर्समध्ये, चोवीस वर्षं.
दुसरी शब्दकोशाच्या पाचव्या खंडामागे,
आणि हे न सांगता सगळ्या सभासदांना ठाऊक आहे.
'चलेगा.'

राउटर विझतो. नारिंगी होतो. हिरवा.
लॅपटॉप विचार करतो, करतो,
समोर पारनेरकरबाई पान उलटतात,
आणि एकदम चार पट्ट्या. जोडलं.
पंखासुद्धा गप्प.

मग कोपऱ्यातली तारीख उडाली.
सोळा वर्षं एका टिचकीत.

देवघेवीचा प्रोग्राम जागा होऊन
लाल यादी ओकू लागला :
एक्काहत्तर सभासद,
सगळ्यांनी पुस्तकं नेली एक जानेवारी दोन हजार नऊला,
सगळ्यांना सहा हजारांवर दिवस उशीर,
दर दिवशी चार आणे.
पारनेरकरबाईंनी आज सकाळी नेलेल्या पुस्तकावर
पंधराशे सव्वीस रुपये.
'अगं, अजून पहिलं प्रकरणही झालं नाही,' त्या म्हणाल्या.
आम्ही तिघंही हसलो. देवांश सगळ्यांत जास्त.

यादीच्या तळाशी बहात्तरावं नाव होतं.
मधुसूदन टेंबे. ऑगस्ट दोन हजार तेरा.
ही तारीख खरी होती, तेव्हा सेल जिवंत होता.
पुस्तक प्रवासवर्णन. खंड दुसरा.
पहिला परत केला तेव्हा म्हणाले होते,
दुसरा आणला की मग तुम्हाला सांगतो सगळं.

इतकी वर्षं यंत्र दोन हजार नऊत बसून होतं,
तिथून पाहिलं तर टेंब्यांची मुदत
अजून यायची होती.
म्हणून नाव कधी वर आलंच नाही.

एक्काहत्तर दंड मी एकेक करून पुसले.
बहात्तराव्यापाशी प्रोग्रामनं विचारलं,
त्याच्या जुन्या, अर्ध्या तुटलेल्या फाँटात :
परत आलं? हरवलं? मुदतवाढ?

'सेल भी डाल दूँ? तीस रुपए का आता है,'
देवांश वायर गुंडाळत म्हणाला.

थांब जरा, म्हटलं.
आणि सात दिवस दिले.