क्लीनर साईड

इंग्रजीतला पहिला शब्द मला
शाळेनं नाही, पत्र्यानं शिकवला.
दारावर दोन थापा : जाऊ दे.
एक थाप : थांब.
मागून कोल्हापूरची एशियाड हॉर्न मारत आली की
बाळगोंडाअण्णा म्हणायचे, "साईड देऊया तिला,"
उजवीकडनं त्यांचा हात बाहेर जायचा,
डावीकडनं माझं डोकं :
चाक साईडपट्टीच्या मातीत उतरतंय का बघायला.

जाताना निपाणीची तंबाखूची बोदं, संकेश्वरची मिरची,
येताना बेळगावच्या फौंड्रीतलं बीड.
टायर बसला तर विचारायचं एकच :
ड्रायव्हर साईड का क्लीनर साईड?
गुरुजींचं डावं-उजवं तिथं चालत नाही.
माणूस तोंड फिरवतो आणि डावं उजवं होतं.
ट्रक तवंदी घाटात कितीही वळला
तरी क्लीनर साईड क्लीनर साईडच राहते.

मग तो शब्द माझ्याबरोबर केबिनमधून उतरला
आणि घरात शिरला.
न्हाव्याला म्हटलं, साईड बारीक कर.
बहिणीच्या लग्नात वाढायला उभा राहिलो, तर कुणी विचारलं,
"तुम्ही मुलीच्या साईडचे ना?"
आणि माझ्या हातातली जिलेबी आधी समोरच्या रांगेत गेली.
आई-वहिनीच्या भांडणात मी गप्प बसलो;
दोघींनीही ठरवलं, यानं दुसरीची साईड घेतली.
एकदा टाकीतलं पाच लिटर डिझेल विकलं.
मी त्याला साईड इन्कम म्हणालो.
अण्णांनी जुनाच शब्द वापरला,
आणि हुबळीपर्यंत बोलले नाहीत.

कोगनोळीच्या अलीकडं
(अलीकडं म्हणजे कुठं, ते तुम्ही कुठं उभे आहात त्यावर)
बंदच्या दिवशी पोरांनी ट्रक अडवला.
पाटीवर केए तेवीस,
काचेवर मराठीत अण्णांच्या नातीचं नाव, सन्मती.
पोरं गोंधळली. गोंधळलेली माणसं जास्त ओरडतात.
"कुठल्या साईडचा रे तू?"
मी खरं तेच सांगितलं,
"क्लीनर साईडचा."
एक जण हसला.
त्याच्या शेजारच्यानं माझ्या कानाखाली काढली.
अण्णा उतरले. आधी मला नाही,
चाकांतली हवा बघितली.
मग दोन भाषांत मिळून एकच शिवी दिली,
ती कुणालाच परकी वाटली नाही.

आता ट्रक विकलाय.
मार्गशीर्षात एका पहाटे अण्णांची डावी साईड गेली.
डॉक्टरीणबाई मेंदू, गुठळी, बरंच काही बोलल्या,
मला एवढंच कळलं :
क्लीनर साईड.
एकोणीस वर्षं मी बसत होतो, तिथंच.

मुलगा बेंगळुरूला. रात्री मी थांबतो.
नर्स सांगून गेली, दर दोन तासांनी कूस बदला.
कूस.
किती दिवसांनी ऐकला हा शब्द,
आईच्या जुन्या लुगड्याच्या वासाचा.

"अण्णा, इकडं."
"ई कडे?"
त्यांचं तोंड एकाच बाजूनं हलतं,
बाहेर पडतं ते कानडी का मराठी
हे आता ऐकून सांगता येत नाही.
इकडे. ई कडे.
मध्ये नख शिरेल एवढीही फट नाही,
आणि एवढ्याशा फटीवरनं
मी कानफटात खाल्ली होती.

उशी काढतो. पाठीखाली हात घालतो.
तोंडातनं जुनंच निघतं :
येऊ दे, येऊ दे,
जरा क्लीनर साईडला, येऊ दे, अजून येऊ दे…

त्यांचा धड राहिलेला हात
पलंगाच्या लोखंडावर वाजतो.
एकदाच.

मी थांबतो.
उशी हातातच आहे.