सदतीस मिलिमीटर

डबा दीड वीत लांब, चार बोटं उंच.
स्कूटीच्या सीटखाली मावतो, म्हणून घेतला.
वधूकडच्यांना सकाळची सप्तपदी
संध्याकाळी रिसेप्शनच्या पडद्यावर हवी असते,
मग मशीन हॉलवर न्यावंच लागतं.

प्रोसेसर आणि झाकण यांच्यामध्ये
सदतीस मिलिमीटर.
तेवढ्यात बसवायचा तांब्याचा तळ,
पातळ पत्र्यांची दाट फणी, पुरीएवढा पंखा
आणि नागपूरचा मे महिना.

पाचपावलीत, तिसऱ्या माळ्यावर, दुपारी अडीचला
खोलीच चाळीस.
आकडा चढत जातो, अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव, सत्त्याण्णव,
मग मशीन आपणहून पाय आखडतं.
ढोबळ्यांच्या धाकटीच्या हळदीत
एक पिवळा हात गालापाशी जाऊन थांबला
तो सतरा मिनिटं तिथेच.

जुनी पेस्ट खरवडली,
तव्यावरच्या करपटासारखी निघाली.
नवी लावली, तुरीच्या दाण्याएवढी, जास्त नाही,
दोन धातूंमधली न दिसणारी खडबड
बुजेल इतकीच.
चार अंश उतरले.
डबा कूलरच्या तोंडाशी ठेवला, आणखी सहा उतरले
आणि आठवड्याने स्क्रूंच्या डोक्यांवर
तांबूस पूड.
पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवला. पुन्हा सत्त्याण्णव.

कुठलाच पंखा खोलीहून थंड करत नाही.
प्रोसेसरातली ऊब तांब्यात, तांब्यातली पत्र्यात,
पत्र्यातली खोलीत,
खोलीतली माझ्या मानेवर,
मानेवरची ओढणीच्या टोकात.
भाडेकरू तोच, बिऱ्हाड हलवतोय.

लहानूजी उके वाळ्याच्या ताट्या बदलायला आले.
हात ओले, खांद्यावर गवताची कुसळं,
एक नजर खिडकीतल्या कूलरवर, एक टेबलावर.
हा बारका कूलर होय का वो ताई?
नाही म्हणायच्या आत त्यांचा तळवा डब्याच्या या अंगाला,
मग त्या अंगाला,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

हवा येऊन राहिली कुठून?
अन् जाऊन राहिली कुठं?

मी काही बोलले नाही.
दोन्ही जाळ्या आंधळ्या. एक भिंतीशी,
एक टेबलावर पालथी, मीच ठेवलेली.
आपलीच वाफ आपणच पिऊन राहिलं हे, ते म्हणाले.
खिडकी लावून कूलर चालवणारे लय पाहिले म्या.
मंग म्हणतात, कूलर खराब.

खोकल्याच्या औषधाची चार झाकणं
चार कोपऱ्यांखाली सरकवली. भिंतीपासून एक वीत पुढे.
अकरा अंश.
ते काय आहे, शेवटपर्यंत विचारलं नाही.
पैसे ताट्यांचेच घेतले.

रात्री मी वीज उतरवली,
पासष्ट वॅटची पंचेचाळीस.
शंभरातला आठ-नऊ वेग गेला, जाऊ दे.
त्या आठ-नऊसाठीच
हे सगळं तापत होतं.

दुसऱ्या दिवशी इतवारीत हार्ड डिस्क आणायला गेले,
शटर अर्ध्यावर ओढलेली,
चार वाजेपर्यंत कुणी उघडत नाही.
लिंबाखाली ऑटोत एक माणूस झोपलेला,
पाय बाहेर, चपला खाली नीट जोडीने,
तोंडावर ओला पंचा.
त्याला कुणी खराब म्हणत नव्हतं.

पहाटे चारला खोली एकतीस.
पंख्याचा आवाज असा,
की शेजारची झोपलेली म्हातारी ऐकू यावी.
आकडा एकाहत्तर, तिथेच घुटमळतो आहे.
थांबलेला तो पिवळा हात
पुढे सरकला, गालाला लागला.
ढोबळ्यांच्या धाकटीने डोळे मिटले, खांदे आकसले.

हळद गार असावी.