आकडा

चौतीस वर्षं मी इंदूरची मीटरं वाचली.
परदेशीपुरा, नंदानगर, मालगंजच्या गल्ल्या,
जिन्याखाली वाकून, टॉर्च दातांत धरून.
आकडा पुढेच जातो, मागे येत नाही,
एवढं एक पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ही नवी वही आधी अंगावर आली:
इथे आकडा वाढला
की उजेड कमी.

जेठातली रात्र. सुदामानगरची गच्ची.
श्रवणाच्या जरा खाली, जिथे काल काही नव्हतं,
पाच पूर्णांक दोन.
शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून पाहिलं:
ह्याच्याहून उजळ, त्याच्याहून मंद.
पूर्वेला सराफ्याचा झगमगाट, जिलब्यांचा धूर,
तरी दिसला.

म्हणे नवा तारा. नवा कसला!
विझत आलेला म्हातारा,
शेजारणीच्या तारेवर आकडा टाकून
हजारो वर्षं गुपचूप ओढत बसलेला,
आणि मग एका रात्री भडका.
असे पंचनामे मी पुष्कळ केलेत.
आरोपी इतका देखणा कधी नव्हता.

कुमुदिनीचं शीतलामाता बाजारात मॅचिंग सेंटर.
दुर्बिणीला रेघांची काच लावली
की तारा ताणून पट्टी होते.
ती रिळांचा डबा घेऊनच वर आली.
"लाल काय लिहिताय? डाळिंबी आहे ही."
मी लिहिलं हायड्रोजन. कंसात डाळिंबी.

आश्विनात तीन आठवड्यांत चार अंक बुडाला,
आपल्याच काजळीत तोंड लपवून.
फाल्गुनात पहाटे परत. आठ पूर्णांक एक.
पावसाळ्यातल्या पानांवर नुसतं: दार बंद.
नोकरीत दार बंद असलं की सरासरी बिल लावायचो.
इथे नाही लावलं.

दुसऱ्या वर्षी डाळिंबी फिकटली, हिरवी रेघ वर आली.
"कैरी?" मी विचारलं.
"छे. मोराची मान, उन्हाकडून पाहिलेली."
डबा दोनदा उपसला तिनं.
"ह्याचं रीळ येत नाही हो."

पाचव्या वर्षी सगळंच मंद.
तारा विझतोय की मी, कळेना.
डॉक्टर म्हणाले, पिकलाय, काढून टाकू.
पट्टी सुटल्यावर गच्चीवर गेलो:
आभाळ कुणी धुऊन वाळत घातलेलं.
भीत भीत मोजलं. पाच वर्षांची वही खोटी ठरणार.
अकरा पूर्णांक चार.
गेल्या महिन्यात हेच होतं.
शेजारीही माझ्या डोळ्यात तितकेच मंदावले होते
आणि तितकेच उजळले.
खाली जाऊन तिला उठवलं. ती म्हणाली, झोपा आता.

हल्ली लिहितो: दिसत नाही, बाराच्या खाली.
तीही नोंदच असते.
कनेक्शन कापलं असं मात्र लिहिलेलं नाही.
शेजारीण अजून आहे. तारही आहे.
म्हातारा काही सुधारणाऱ्यातला नव्हे.